शेवटचा हुंकार जिथं, तिथून पुढं

नवोदित कादंबरीकारांना मार्गदर्शन करायला मला बोलावलं होतं. मी व्यासपीठावर उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. विसरलो म्हणून नाही. समोरून कुणी 'हूं' म्हणेना, म्हणून.

"एक होता मेंढका," मी म्हणालो होतो. "त्याच्या कळपातली एक मेंढी रोज वाटेतल्या एका दगडापाशी येऊन थांबायची."

आता इथं हुंकार यायला पाहिजे. आमच्या घरातली रीतच तशी आहे. सांगणारा एक वाक्य सांगतो, ऐकणारा 'हूं' म्हणतो, मग पुढचं वाक्य येतं. 'हूं' आला नाही तर सांगणारा थांबतो, कारण ऐकणाऱ्याला झोप लागलेली असते. झोपलेल्याला सांगितलेली गोष्ट कुणाचीच राहत नाही, असं माझी थोरली आत्या म्हणायची. पन्नाशी ओलांडली तरी मी याच रीतीनं गोष्टी ऐकत आणि सांगत आलोय. तेव्हा सवयीनं थांबलो. पण समोरची मंडळी शिकलेली, सभ्य. वक्ता बोलत असताना तोंडातून आवाज काढायचा नसतो, हे त्यांना शाळेपासून शिकवलेलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मी त्यांच्याकडं. वर पंखा फिरत होता. मला वाटलं, विचार करतायत. त्यांना वाटलं, मी विचार करतोय.

थोड्या वेळानं संयोजक पाण्याचा पेला घेऊन आले. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा आशेनं समोर पाहिलं. मग खुर्ची आली. "सरांना बसू द्या, ऊन लागलेलं दिसतंय," कुणी तरी कुजबुजलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका दयाळू माणसानं टाळी वाजवली, आणि सुटका झाल्यासारखं सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. आभार मानणारे गृहस्थ उठले. "सरांनी आज बोलण्यातून नव्हे, तर मौनातून आपल्याला पुष्कळ दिलं," असं म्हणाले. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला.

जिन्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आडवे आले. "साहेब, ती मेंढी कशापायी थांबत होती हो?"

"तुम्ही हूं म्हणाला असतात तर सांगितलं असतं."

"मग आता म्हणतो की. हूं."

मी जिन्यातच गोष्ट सुरू करणार होतो, पण माझी पुतणी मागून म्हणाली, "काका, चला." तिचा आवाज असा होता, की मी मुकाट खाली उतरलो.

हिच्यामुळंच मला ते आमंत्रण आलं होतं. ही माझ्या सिल्लोडच्या थोरल्या भावाची मुलगी. कादंबरी लिहायची म्हणून वर्षभरासाठी आमच्याकडं गारखेड्याला राहायला आली होती. त्या कार्यशाळेत ती नियमानं जायची, आणि तिनंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की कादंबरी मधेच अडली तर काय करायचं ते माझे काका सांगतील. आता माझा अधिकार म्हणाल, तर माझी एक कादंबरी छापून आलेली आहे. ती बहुतांशी आमच्या दिवाणाच्या आतल्या कप्प्यात आहे. सुरुवातीला मी ती नात्यातल्या लग्नांत भेट द्यायचो. हल्ली आमच्याकडच्या लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं. ते माझ्यामुळंच सुरू झालं असावं, अशी मला शंका आहे.

स्कूटरवर पुतणी मागं बसली. डिकीत नारळ गडगडत होता, तेवढाच काय तो संवाद. सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "काका, आपल्या घराण्यातच आहे हे. सगळं मधेच थांबतं."

ती कशाबद्दल बोलत होती ते मला माहीत होतं. तिच्या कादंबरीतली बाई बसमध्ये बसून होती. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी ही बाई एकटीच माहेरी निघते. मध्यवर्ती बसस्थानकावर येते, सिल्लोडची गाडी शोधते, खिडकीजवळची जागा धरते. इथवर सगळं झरझर लिहून झालं होतं, आणि छान झालं होतं. पण दिवाळीच्या सुमाराला बाई बसमध्ये बसली ती बसलीच. संक्रांत आली, होळी झाली, बस काही हलेना. आमच्या घरात तिची चौकशी घरच्या माणसासारखी व्हायला लागली. सकाळी चहा घेताना मी विचारायचो, "बसलीय का अजून?" पुतणी मान हलवायची. उन्हाळा लागला तेव्हा बायको एकदा फार कळवळून म्हणाली, "अगं, निदान पाण्याची बाटली तरी दे तिच्याजवळ. पत्रा तापला असंल बसचा."

पुतणीनं खरोखरच पाण्याची बाटली दिली. बस तरीही हलली नाही.

त्याचं कारण तिनं एकदाच सांगितलं होतं, तेही माझ्या बायकोला, शेवया वाळत घालताना. "काकू, बस हलली की हर्सूल येणार, फुलंब्री येणार, मग सिल्लोड येणार. सिल्लोड आलं की घर येणार. घर आलं की बाबा येणार. बाबांचं कसं लिहू?"

तिचे बाबा, म्हणजे माझा भाऊ, कापसाचा व्यापारी. कमी बोलणारा माणूस. लेकीला वर्षभर मोकळीक देणारा तोच, आणि वर्ष सरलं की गावातल्या शाळेत नोकरी धर, असं ठरवून टाकणाराही तोच. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"झालं का रं भाषण?"

"झालं."

"लई लांबलं नाय ना?"

"नाही. लांबलं नाही."

"बरं केलंस. तिला म्हणावं, शाळेचे लोक इचारतेत. जूनला हजर व्हायचं तर आता याया लागंल." मग दुकानातल्या गड्याला काही तरी सांगून तो पुन्हा फोनवर आला. "ते तिचं लिहिणं कुठवर आलं?"

"बसमध्ये बसलीय."

"अजून? म्हणावं उतरून कुणी धक्का तरी मारा." तो हसला, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "त्यात आपल्या घरचं काय हाय का रं?"

"मला काय माहीत?"

"नसंल तर बरं," तो म्हणाला. "आन् असंल तरी…" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर पुतणी आपल्या खोलीतून कागदांचा गठ्ठा घेऊन आली. जुन्या ओढणीत बांधलेला. "काकू, उद्या सकाळच्या गाडीनं मी जाते. हे रद्दीवाल्याला देऊन टाका." फार शांतपणे म्हणाली. रडून म्हणाली असती तर बरं, असं वाटायला लावणारी शांतता.

मी तोंड उघडलं. माझ्या पोटात आदल्या दिवशीचं सगळं भाषण तसंच होतं. चिकाटी, शिस्त, रोज सकाळी उठून लिहिणं, पात्रांना मोकळं सोडणं. कागदावर मुद्दे काढले होते ते. (तो कागद शर्टाच्या खिशात राहून धुण्यात गेला होता. मराठी कादंबरीचं त्यानं किती नुकसान झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मुद्दे मला आठवत नाहीत.) पण मी काही बोलायच्या आत बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला म्हणजे दाबला.

"रद्दीवाला परवा येतो," ती पुतणीला म्हणाली. "तवर मला वाचून दाखव. हल्ली दुपारची झोपच येत नाही बघ मला."

हे वाक्य ऐकून मी चकित झालो. माझी बायको जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तक्रार करेल, पण दुपारच्या झोपेनं तिला आजवर कधी दगा दिलेला नाही.

आमची दुपारची खोली म्हणजे कूलरची खोली. मे महिन्यात आमच्या शहरात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि सगळं घर त्या एका खोलीत येऊन सतरंजीवर आडवं होतं. खिडकीत कूलर घरघरतो, वाळ्याचा ओला वास येतो, हिरव्या पडद्यातून ऊन गाळून आत येतं आणि भिंतींवर पाण्यासारखं हलत राहतं. पोटात आमरस असतो. अशा वेळी माणूस जागा असतो का झोपलेला, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नाही. मुलं लहान होती तेव्हापासून मी गोष्टी सांगतो त्या याच खोलीत, याच वेळी.

खरं तर दिवसा गोष्ट सांगू नये. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आपल्याकडं कुणाला माहीत नाही? पण आमच्या घरात ते अक्षरशः खरं आहे. मुलांचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, पैठणकडून आमच्याकडं यायला निघाला की हमखास चुकतो. गारखेडा शहराच्या दक्षिणेला, पैठणच्याच बाजूला, आणि हा पोचतो भलतीकडंच. बायको त्याचा दोष मला देते. "तुमच्या गोष्टींपायी माझा भाऊ रानोमाळ फिरतोय," म्हणते, आणि तरीही सतरंजीवर पडल्या पडल्या "हं, मग?" असंही तीच म्हणते.

कारण हुंकार देणारी मुख्य तीच. मुलं झोपून जायची, ती राहायची. डोळे मिटलेले, पदर कपाळावर ओढलेला, आणि 'हूं' मात्र वाक्यागणिक. ती तेव्हा जागी असते की झोपेत देते, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला उलगडलेलं नाही. पण तिच्या हुंकारावर मी गोष्ट सांगायला शिकलो. पटलं की तिचा हूं आखूड येतो. थापा मारायला लागलो की लांबतो आणि शेवटी वर जातो. कंटाळली की नुसतं नाकातून येतो. आणि जिथं हुंकार बंद पडतो तिथं आमची गोष्ट त्या दिवसापुरती संपते. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करायची नाही. शेवटचा हुंकार कुठं आला होता ते आठवायचं आणि तिथून पुढं जायचं. आत्याचा नियम आहे.

ज्यांना कादंबरी लिहायची आहे त्यांना मी एवढंच सांगू शकतो, आणि सभागृहात सांगायला हवं होतं तेही एवढंच. आपल्याला 'वा' म्हणणारी माणसं शोधण्यात फार दिवस घालवू नका. 'वा' ऐकला की गोष्ट तिथंच मांडी घालून बसते. चुका काढणाऱ्यांचंही तसंच. त्यांच्यापुढं गोष्ट उभी राहते ती शाळेतल्या पोरासारखी, हात पुढं करून. 'हूं' म्हणणारं एक माणूस पाहिजे. 'हूं'मध्ये कौतुक नसतं आणि परीक्षाही नसते. मी इथं आहे, तू पुढं हो, एवढंच असतं त्यात. असं माणूस नशिबानं घरातच मिळालं तर ते झोपाळू आहे म्हणून नाराज होऊ नका. आणि लिहिलेलं अडलं तर सगळं फाडून पहिल्या पानावर जाऊ नका. शेवटचा हुंकार कुठं आला होता ते बघा. तिथवर तुमची गोष्ट जिवंत होती.

तर पुतणी भिंतीला टेकून बसली, ओढणीची गाठ सोडली आणि वाचायला लागली. आधी नुसतं उरकायचं म्हणून, सपाट आवाजात. बायको कूलरच्या तोंडाशी आडवी झालेली. मी दाराजवळ, उशाखाली दोन्ही हात घेऊन. बाई घरून निघाली. "हूं." रिक्षात बसली. "हूं." बसस्थानकावर उसाच्या रसाच्या गाड्याचे घुंगरू वाजत होते. "हूं." हळूहळू पुतणीचा आवाज खाली उतरला, सैल झाला, वाचल्यासारखा न वाटता सांगितल्यासारखा वाटायला लागला. खिडकीजवळची सीट फाटलेली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आतला स्पंज उपटून उपटून तिथं एक खळगा केला होता. बाईनं त्या खळग्यात बोट घातलं. "हूं." हा अगदी आखूड आला.

मी डोळे मिटून घेतले. कूलरची घरघर ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, की मीही त्याच बसमध्ये आहे, सगळ्यात मागच्या सीटवर, मांडीवर कालचा नारळ घेऊन. बसमधले सगळे लोक माझ्या ओळखीचे होते. आत्या होती. काठीवाले गृहस्थ होते. पुढच्या दारातून ती मेंढी चढली, आणि कुणालाही त्यात नवल वाटलं नाही.

"कंडक्टर चढला," पुतणी वाचत होती. "त्यानं दार ओढून घेतलं."

आणि ती थांबली. कागद संपले होते. दिवाळीपासून ते इथंच संपत होते. मी डोळे उघडले. ती कागद जुळवून गठ्ठा पुन्हा ओढणीत बांधायला लागली होती.

"हूं," बायको म्हणाली.

पुतणीचे हात थांबले. "काकू, संपलं. एवढंच आहे."

बायकोचे डोळे मिटलेलेच. "हूं."

पुतणीनं माझ्याकडं पाहिलं. ती लहान असल्यापासून सुट्टीत याच सतरंजीवर झोपलेली. हुंकार आला की पुढचं वाक्य द्यावंच लागतं, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिनं अशा नजरेनं पाहिलं की काका, सोडवा. आणि माझ्या आयुष्यातलं एकमेव चांगलं मार्गदर्शन मी तेव्हा केलं. म्हणालो, "मी काय करू? हुंकार आलाय."

भिंतीवरचं ऊन हललं.

"मग…" ती म्हणाली. हातात कागद नव्हता. "मग कंडक्टरनं घंटी वाजवली."

"हूं."

"गाडी थोडी मागं गेली. मग वळली. फाटकातून बाहेर आली."

"हूं."

"बाईनं खिडकीची काच सरकवली. वारा आला. गरम होता, पण वारा होता." ती आता कुणाकडंच बघत नव्हती. "हर्सूल गेलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की शेजारच्या सीटवर कुणी तरी बसलंय."

"हूं?" हा जरा वर गेला.

"एक माणूस. पांढरा शर्ट. शर्टाच्या बाहीला कापूस लागलेला. त्यानं तो काढला आणि दोन बोटांत घेऊन वळायला लागला."

मी उठून बसलो. हा माझा भाऊ होता. दुकानात, लग्नात, दवाखान्यात, कुठंही बसला की बाहीचा कापूस काढून त्याची वात वळत बसतो. बोलायचं नसतं तेव्हा तर हमखास. वळलेल्या वाती खिशात टाकतो, आणि रात्री शर्ट धुवायला टाकताना वहिनी त्या काढून देवापुढं ठेवते. सिल्लोडच्या आमच्या घरातला दिवा वर्षानुवर्षं माझ्या भावाच्या गप्प बसण्यावर जळतो.

पुतणी अडली. पुढचा हुंकारही आला नाही. बायकोनं डोळे उघडले होते आणि ती वर पंख्याकडं बघत होती. वाटलं, गेलं. बस इथं रस्त्यातच बंद पडली. माझ्या जिभेवर धीराचं काही तरी आलं होतं, ते मी गिळलं.

मग बायकोनं पुन्हा डोळे मिटले, पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, "हूं." इतका मऊ हुंकार मी माझ्या कुठल्याही गोष्टीला मिळवलेला नाही.

"वात झाली," पुतणी म्हणाली. आवाज ओला होता, पण चालू होता. "त्यानं ती खिशात ठेवली. दुसरी वळायला घेतली. बाईला वाटलं, आपण विचारावं, एवढ्या वाती कुणासाठी. पण ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही. दोघंही एकाच गावाला चालले होते."

"हूं."

पुतणीनं चाचपडत माझ्या उशाकडचं पेन उचललं आणि गठ्ठ्यातला शेवटचा कागद उलटा केला. ती सांगत होती आणि लिहीत होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. खोली एका लयीत हलत होती, हिरव्या पडद्याच्या मागून झाडं मागं मागं जात होती, आणि आम्ही चौघं, त्या बाईला धरून, कुठं तरी निघालो होतो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुतणी दचकून थांबली. मी धडपडत तो उचलला आणि तोंडावर हात धरून बोललो. पलीकडं माझा मेहुणा होता. केशर आंब्याची पेटी घेऊन आमच्याकडं निघालेला.

"भावजी, मी कुठं आलोय काय कळंना. इकडं तर सगळे मिलिटरीचे लोक दिसायलेत."

मी फोन छातीशी धरला आणि बायकोला हळूच म्हणालो, "तुझा भाऊ छावणीत पोचलाय. वाट चुकलाय. घेऊन येऊ का जाऊन?"

तिनं डोळे उघडले नाहीत. हात लांब करून पुतणीच्या गुडघ्यावर ठेवला, ती उठू नये म्हणून, आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, झाडाखाली गाडी लाव आणि तिथंच बस जरा. आधी फुलंब्री येऊ दे."